शेवटच्या शंभर मीटरची मालकीण

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या गच्चीवर जा आणि कठड्यावरून खाली वाकून बघा. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला दोन वेढे घेऊन ती निघालेली दिसेल. तिथून समोरच्या इमारतीच्या सज्जाचा गज, मग नारळाच्या झावळ्यांतून वाट काढत रस्त्यावर एक लांबलचक झोळ, पलीकडे दिव्याच्या खांबाला गाठ, आणि खांबावरून कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीत. खिडकीच्या चौकटीला पाडलेलं भोक नेहमी तिच्यापेक्षा थोडं मोठं असतं. पावसाळ्यात तिच्या अंगावरून ओघळत पाणी थेट ओट्यावर येतं. मग घरातली बाई तिथे फडकं कोंबते. फडकं पिळून पिळून वैतागते, पण भोकातून तिला कुणी बाहेर काढत नाही.

ही केबल. काळी, करंगळीपेक्षा बारीक, कुठून आली ते विचारायचं नाही आणि कुठे जाते तेही नाही. तिने रस्ता ओलांडला तो कुणाच्या परवानगीने, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत नसतं. महापालिकेला माहीत असायला हवं, पण तिथेही आनंदच.

टीव्हीचा इतिहास लिहिणारे तिच्याकडे फारसे बघत नाहीत. ते वाहिन्यांकडे बघतात. झी कधी आली, सोनी कधी, स्टार कुणी कुणाला विकलं, अल्फा मराठीची झी मराठी कधी झाली. सगळं खरं आहे. पण छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहातून खाली आलेला कार्यक्रम घरातल्या टीव्हीत शिरायचा, तर शेवटचे शंभर मीटर उरायचेच, आणि त्या शंभर मीटरांवर ना झीची सत्ता होती, ना स्टारची, ना दिल्लीच्या मंत्रालयाची. तिथली मालकीण ही. स्वतःला राष्ट्रीय म्हणवणाऱ्या प्रत्येक खासगी वाहिनीला वर्षानुवर्षं हिच्या झोळातूनच जावं लागलं. या देशातल्या टीव्हीची खरी भांडणं याच शंभर मीटरांत झाली, खरे कायदे त्यांच्यासाठीच झाले आणि पैसा मुरला तोही तिथेच, असं माझं मत आहे. स्टुडिओत नुसती गाणी झाली.

तिला जन्मदाखला नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या उंच इमारतींत ती पहिल्यांदा दिसू लागली, एवढंच सांगता येतं. १९८२च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ व्हीसीआर आले. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं होतं आणि तेव्हापासून त्याचंच राज्य होतं. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. एरवी जे लागेल ते गोड मानून घ्यायचं. अशात कुणा चलाख माणसाच्या लक्षात आलं की, व्हीसीआर एकच घ्यायचा, तळमजल्यावर ठेवायचा आणि त्यातून एक वायर जिन्याने वर वर न्यायची. प्रत्येक मजल्यावर एक फाटा. घरटी महिन्याला ठरावीक पैसे, रोज दोन चित्रपट. परवाना कसला घ्यायचा हेही कुणाला माहीत नव्हतं, कारण असं काही घडेल हे कुठल्या कायद्यात लिहिलेलंच नव्हतं. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला मग तिला फक्त एक लांब उडी मारायची होती. ती तिने गच्चीवरून मारली.

इथवर ती गल्लीतली होती. तिला जग दाखवलं युद्धाने.

जानेवारी १९९१मध्ये अमेरिकेने बगदादवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली आणि सीएनएनने ते थेट दाखवलं. मुंबई-दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलांनी डिश बसवल्या. त्या बघून गल्लीतल्या व्हीसीआरवाल्यांचे डोळे विस्फारले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाली. ली का-शिंग या धनाढ्याच्या घराण्याची ही कंपनी आणि तिचे कार्यक्रम एशियासॅट-१ नावाच्या उपग्रहावरून यायचे. या उपग्रहाची कुळकथा केबलला साजेशीच आहे. मुळात तो वेस्टार-६ नावाचा अमेरिकी उपग्रह. १९८४च्या फेब्रुवारीत अंतराळयानातून सोडला, पण त्याचं इंजिन फसलं आणि तो भलत्याच कक्षेत फिरत राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी तो अक्षरशः हातांनी धरून परत आणला. मग त्याची डागडुजी झाली, तो विकला गेला आणि एप्रिल १९९०मध्ये चीनच्या रॉकेटवर बसून नव्या नावाने पुन्हा वर गेला. म्हणजे वर आकाशात दुरुस्त करून विकलेला जुना माल आणि खाली गच्चीवर विनापरवाना वायर. भारतातलं खासगी टीव्हीचं युग या जोडीने आणलं.

गच्चीवर अॅल्युमिनियमच्या जाळीच्या दहा-बारा फुटी डिश उभ्या राहिल्या. गॅरेजवजा कारखान्यांत त्या घडायच्या आणि चार माणसं त्या जिन्याने तिरक्या करून वर चढवायची. 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' या परदेशी मालिका बघायला मध्यमवर्गीय घरं दुपारी पडदे लावून बसू लागली. लग्नाच्या वयाची मुलगी आणि आजी एकाच सोफ्यावर, आणि समोर 'बोल्ड'मधल्या फॉरेस्टर कुटुंबाचे पराक्रम. ऑक्टोबर १९९२मध्ये झी टीव्ही आली. सुभाषचंद्र तेव्हा टूथपेस्टच्या ट्यूब करणारे कारखानदार आणि गोराईच्या एस्सेलवर्ल्डचे मालक म्हणून माहीत होते. त्यांची वाहिनी भारतीय, प्रेक्षक भारतीय, भाषा हिंदी. पण भारताच्या भूमीवरून उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवण्याचा हक्क सरकारने फक्त स्वतःकडे ठेवलेला. त्यामुळे मुंबईत तयार झालेल्या टेप विमानाने हाँगकाँगला जायच्या, तिथून आकाशात, आकाशातून पुन्हा मुंबईच्या गच्चीवर आणि गच्चीवरून केबलच्या अंगातून खाली दुसऱ्या मजल्यावर. अंधेरीतून दादरला जायला हा रस्ता जरा लांबचाच.

आता तिला जवळून बघू. एखादा कापलेला तुकडा जिन्यात पडलेला मिळेल, तो उचला. वरची काळी साल प्लास्टिकची. ती सोलली की बारीक ॲल्युमिनियम तारांची विणलेली जाळी, तिच्याखाली चांदीच्या वर्खासारखा पातळ पत्रा, त्याच्या आत पांढरा मऊ फोम आणि फोमच्या बरोब्बर मध्यातून गेलेली एक ताठ तार. चांगल्या मालात ती तांब्याची, स्वस्त मालात लोखंडाची आणि वरून तांब्याचा मुलामा. सगळे कार्यक्रम त्या मधल्या तारेच्या आधाराने धावतात. बाहेरच्या जाळीचं काम एवढंच की, आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही.

तिचा स्वभावदोष आहे गळती. घरगुती जोडणीला वापरतात त्या वायरीत वरच्या फ्रिक्वेन्सीवर शंभर मीटर अंतरात सिग्नलचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. खालच्या फ्रिक्वेन्सीवर मात्र एक तृतीयांशाच्या आसपास पोचतो. इंजिनिअरच्या वहीतलं हे गणित दिसायला किरकोळ, पण त्यावर कोट्यवधींचा धंदा उभा राहिला. कसा, ते बघा. खालच्या पट्ट्यातल्या वाहिन्या स्वच्छ दिसायच्या, वरच्या पट्ट्यातल्या वाहिन्यांवर मुंग्या यायच्या. शिवाय जुन्या टीव्हींना वरचा पट्टा पकडताच येत नसे. आठ-बारा बटणं, आणि प्रत्येकाखाली फिरवायची इवलीशी चकती. म्हणजे खालच्या जागा मोजक्या आणि वाहिन्या शेकड्याने. ज्या वाहिनीला खाली, चांगल्या जागी बसायचं, तिने केबलवाल्या कंपनीला पैसे मोजायचे. याला कॅरेज फी म्हणत. टीआरपी मोजणारी यंत्रं ज्या शहरांत, तिथे या जागांचा भाव आणखी चढा. कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेली वाहिनी पंचाहत्तराव्या नंबरवर मुंग्यांमध्ये सापडू नये म्हणून मालक मंडळी रांगेत उभी असत. अखेर सरकारलाही दूरदर्शनसाठी हीच रांग टाळावी लागली. २०००मध्ये केबलचा कायदा बदलला आणि दूरदर्शनच्या दोन वाहिन्या व राज्याच्या भाषेतली एक वाहिनी अशा खालच्या, म्हणजे प्राइम बँडमध्येच दाखवल्या पाहिजेत असं लिहून घेतलं. आपली 'सह्याद्री' घराघरात ठळक दिसली त्यात या कलमाचा वाटा आहे.

तरी दूरदर्शनशी तिचं कधी नीट जमलं नाही. विशेषतः वरळीच्या मनोऱ्याच्या आसपासच्या घरांत. मनोऱ्यावरून निघालेला सिग्नल हवेतून सरळ यायचा आणि वायरीची जाळी विरलेली असली की आत घुसायचा. तोच कार्यक्रम केबलमधून वळसे घेत जरा उशिरा पोचायचा. पडद्यावर मग दोन चित्रं: एक ठळक आणि त्याच्या डावीकडे एक फिकट. बातम्या देणाऱ्याला तीन कान. लोक म्हणत, दूरदर्शनचं हे असंच. दूरदर्शनचा त्यात काडीचा दोष नव्हता.

तिला स्वतःची वीज नाही. गळती भरून काढायला ठरावीक अंतरावर अॅम्प्लिफायर लागतो, तो पत्र्याच्या पेटीत कुणाच्या तरी जिन्यात टांगलेला. वीज त्या घराच्या मीटरवरून, बदल्यात त्या घराला केबल फुकट. हा करार कागदावर कधीच नसे, पण मोडलेला मी पाहिलेला नाही. गंमत अशी की, तुमच्या घरात दिवे असायचे आणि टीव्ही बंद, कारण तीन इमारती पलीकडच्या जोशींच्या जिन्यातला फ्यूज उडालेला. मुंबईबाहेर भारनियमनाच्या काळात तर गावाचे भाग पाळीपाळीने अंधारात जायचे. तुमची पाळी नसली तरी केबलच्या वाटेवरल्या कुणाची तरी असायचीच. मालिकेतल्या सुनेला नेमका न्याय मिळायच्या वेळी.

आणि वळीव. पहिली वीज कडाडली की घराघरात एक हाक उठायची, "अरे, केबलची पिन काढ!" उघड्या आभाळाखाली गच्च्यांवर लोळणारी ही वायर विजेला थेट दिवाणखान्यात घेऊन येई. दरवर्षी एखादा टीव्ही जळाला की शेजारी चार दिवस पिनेला जपायचे. पाचव्या दिवशी मॅच असायची.

तिची माणसं वेगळ्या जातकुळीची. वर एक केबलवाला, ज्याचं आडनाव सगळ्यांना माहीत. हाताखाली चार पोरं, ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. पोरांच्या कमरेला पक्कड, खांद्यावर वायरीचं भेंडोळं, पायात स्लिपर. शेवाळलेल्या गच्चीवर ते स्लिपर घालूनच चालायचे आणि कठड्यावर उभे राहून पलीकडच्या इमारतीत दगड बांधलेली दोरी फेकायचे. साल सोलायला कटर असे, पण दात जास्त हाताशी. तीस सेकंदांच्या जाहिरातीला लाखो रुपये लावणाऱ्या कंपन्यांची सगळी भिस्त शेवटी या दातांवर होती. पोरांना विमा नव्हता, पगार तुटपुंजा, आणि सण असला की सुटी नाही, कारण सणालाच सगळे टीव्ही बघतात. केबलबद्दल लिहिताना माझा सूर कौतुकाचा होतो आहे हे मला कळतं. या पोरांपुरतं मात्र तिचं काही कौतुक नाही.

तक्रारीचा फोन सगळीकडे सारखाच.

"हॅलो, अहो, केबल गेलीय."

"काकू, मागूनच गेलीय."

"मागून म्हणजे कुठून?"

"मेनवरूनच. पोरगा पाठवतो."

हे 'मागून' कुठे असतं ते कुणालाच उमगलेलं नाही. पोरगा यायचा तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी. आल्यावर टीव्हीच्या मागे हात घालून पिन हलवायचा आणि चित्र यायचं. मागच्या मागे काकूंकडून चहा मिळायचा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तोच पोरगा वसुलीला. पुठ्ठ्याच्या कार्डावर महिन्यांचे चौकोन, त्यात एक सही. शे-दीडशे रुपये. दोन महिने थकले तरी वायर कापायचा नाही, कापली तरी संध्याकाळी "दादा, जोडून दे रे" म्हटलं की जोडायचा. बारावीची परीक्षा जवळ आली की मुलांचे आईबाप स्वतःच सांगायचे, मार्च संपेपर्यंत कापून ठेव. आजच्या कुठल्याही कस्टमर केअरला ही सोय जमलेली नाही.

तिला स्वतःचंही एक तोंड होतं. केबलचं चॅनेल. बहुधा सगळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या नंबरवर. त्यावर दुपारी एक आणि रात्री एक असे चित्रपट, शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी, चित्रपटगृहात उठून गेलेल्या माणसाच्या डोक्याच्या सावलीसकट. निर्माते चिडायचे, छापे पडायचे, चार दिवस जुने चित्रपट लागायचे. पडद्याच्या खाली सरकती पट्टी: साड्यांचा सेल, दहावीचे क्लास, डोहाळजेवणाचं सामान भाड्याने, अमुक नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. गणपतीत मंडळाच्या मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण. आपल्याच गल्लीतली माणसं टीव्हीवर दिसतात, हा अनुभव राष्ट्रीय वाहिन्यांनी कधी दिला नाही. तो या चोरट्या वाहिनीने दिला. पुढे वृत्तवाहिन्यांनी पडद्याच्या तळाशी सरकत्या पट्ट्या लावल्या तेव्हा केबलच्या प्रेक्षकांना त्यात नवल वाटण्याचं कारण नव्हतं.

सरकारला ती बराच काळ कळलीच नाही. १९९३मध्ये राजस्थान उच्च न्यायालयासमोर तिचा प्रश्न गेला, तेव्हा तिला लावायला हाती होता तो १८८५चा तार कायदा. इंग्रजांनी टेलिग्राफसाठी केलेला. मग १९९४मध्ये वटहुकूम आणि १९९५मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा आला. त्यानुसार केबलवाल्याने नोंदणी करायची, आणि ती कुठे? मुख्य पोस्ट ऑफिसात. मनीऑर्डर आणि रजिस्टर्ड पत्रांच्या खिडकीशेजारी उभं राहून सांता बार्बराच्या वितरकाने आपलं नाव नोंदवायचं. पण ज्या वायरीला आजवर अस्तित्वच नव्हतं तिला निदान कागद मिळाला. महाराष्ट्र शासनाने करमणूक कर लावला, म्हणजे तर ती पक्की सनदशीर झाली. ज्याच्यावर कर लागतो ते अवैध कसं म्हणायचं?

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९९५ला, सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने १९९३च्या हिरो कपचे हक्क परदेशी कंपनीला दिले होते, दूरदर्शनने अडवणूक केली होती, आणि प्रकरण दिल्लीला गेलं होतं. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असं न्यायालयाने सांगितलं. प्रसारणाच्या इतिहासातला हा पायाचा दगड, यात शंका नाही. पण निकाल वाचताना गंमत वाटते ती अशी की, निकाल लागला तेव्हा लाखो घरांत ही मक्तेदारी आधीच मोडलेली होती. केबलने ती कुठलाही युक्तिवाद न करता, गच्चीवरून खाली उतरून मोडली होती.

पुण्यवान मात्र ती नव्हती. खोटं बोलणं तिच्या रक्तात. वाहिन्या केबलवाल्याकडून घरटी पैसे घेत, आणि किती घरं हे सांगणार केबलवालाच. पाचशे घरांत वायर गेलेली असली तरी आकडा शंभराचा जायचा. करमणूक कराच्या माणसाला आणखी कमी. वायर मुकी, एका टोकाला उभं राहून दुसरीकडे किती फाटे फुटले ते कळायला मार्ग नाही. ती जेवढी लपवी तेवढं वाहिन्या दर वाढवून वसूल करत, आणि शेवटी ते पैसे प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या कार्डावरच चढत. शिवाय हद्दी. या गल्लीत हा, त्या गल्लीत तो. हद्दीवरून रात्रीतून वायरी कापल्या जायच्या, डोकी फुटायची, आणि मुंबईत काही ठिकाणी प्रकरण डोकी फुटण्यावर थांबलं नाही. हळूहळू हाथवे, इनकेबल, सिटी केबल अशा मोठ्या कंपन्यांनी वरचा भाग आपल्याकडे घेतला. गल्लीतला केबलवाला त्यांचा हस्तक झाला. आडनाव तेच राहिलं.

तिला जेरबंद करायचे प्रयत्न मग सुरू झाले. आधी कॅस नावाची योजना: सशुल्क वाहिन्या बघायच्या तर सेट-टॉप बॉक्सचा डबा घ्या. २००३मध्ये ती चेन्नईत लागू झाली, आणि मुंबई, दिल्ली व कोलकात्याच्या काही भागांत २००६ संपता संपता. लोकांनी डबा घ्यायचा कंटाळा केला, केबलवाल्यांनी घ्यायला लावायचा कंटाळा केला. खरा वार ३१ ऑक्टोबर २०१२ला झाला. त्या तारखेनंतर मुंबई, दिल्लीसारख्या महानगरांत सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल बेकायदा. पुढच्या ३१ मार्चला पुणे, नाशिक, नागपूर वगैरे शहरं, आणि पुढे टप्प्याटप्प्याने अख्खा देश.

डबा आल्याबरोबर तिचे सगळे विशेष गेले. जिथे एक वाहिनी मावायची तिथे दहा-बारा मावू लागल्या. मुंग्या संपल्या, तिसरा कान संपला. आता चित्र एक तर स्वच्छ दिसतं किंवा चौकोनी ठोकळे होऊन गोठतं. मधली अवस्था नाही. पिन हलवून नशीब काढायची सोय नाही. प्रत्येक डब्याला नंबर, त्यामुळे खोटं बोलणं अवघड. दोन महिने थकले तर वायर कापायला पोरगा लागत नाही, कुठल्या तरी सर्व्हरवरून डबा आपोआप मुका होतो. बारावीच्या मुलासाठी कापून ठेवलेली वायर परीक्षा संपल्यावर जोडायला येणारा दादा आता रिचार्ज करा म्हणून सांगतो. हा सुधारणेचा हिशेब मला मान्य आहे. दोन्ही बाजूंचे आकडे लिहा एवढंच.

गिऱ्हाइकाला यातून काय मिळालं? १ फेब्रुवारी २०१९पासून ट्राय या दूरसंचार नियामकाचे नवे नियम आले. हवी ती वाहिनी घ्या, नको ती सोडा, असं सांगितलं गेलं. वाहिन्या निवडण्याआधी पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे म्हणून १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे. त्यावर प्रत्येक वाहिनीची किंमत वेगळी. मराठी घराने बेरीज मांडली: एक मराठी मनोरंजन, दुसरी मराठी मनोरंजन, बाबांना बातम्या, मुलाला क्रिकेट. बेरीज झाल्यावर जुन्या दीडशेत सगळंच देणाऱ्या केबलवाल्याची आठवण आली. मग जो तो कंपनीने बांधून दिलेला पॅकच घेऊन मोकळा झाला, ज्यात नको असलेल्या पन्नास वाहिन्या होत्याच. पुढच्याच वर्षी नियम बदलून त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या आल्या. बघणारा माणूस सहा-सातच बघतो. ते १९९२मध्येही तसंच होतं.

मार्च २०२०मध्ये तिला एक शेवटचा मान मिळाला. टाळेबंदीच्या हुकुमात ज्या सेवा चालू राहतील त्यांच्या यादीत दूरसंचार, इंटरनेट, प्रसारण आणि केबल सेवा असं केंद्राने लिहिलं. जिच्यासाठी एकेकाळी कायद्यात शब्द नव्हता ती अत्यावश्यक ठरली. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा लावलं. १९८७मध्ये जे ॲंटेनातून आलं होतं, ते या वेळी अनेक घरांत केबलने आणलं. पोरं पोलिसांना पास दाखवत गच्च्यांवर चढत होती.

आता तिची गादी जाते आहे. एकीकडे घरोघरी छोट्या डिश, खेड्यांत दूरदर्शनची फुकट मिळणारी फ्री डिश, दुसरीकडे मोबाइल. २०१८मध्ये रिलायन्सने हाथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांचा ताबा घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांना वाहिन्यांपेक्षा जिन्यातली वाट हवी होती. तीच गच्ची, तीच टाकी, तोच सज्जाचा गज. फक्त काळ्या वायरीशेजारी काचेची बारीक तार आली. फायबर. त्यातून टीव्हीही येतो, इंटरनेटही, फोनही. केबलवाल्याचाच मुलगा आता ब्रॉडबँडवाला झाला आहे. शेवटचे शंभर मीटर अजूनही त्याचेच आहेत, मालकीण तेवढी बदलली.

जुनी मात्र जाग्यावरच आहे. गिऱ्हाईक सोडून गेलं की पिन निघते, डबा परत जातो. वायर काढायला कुणी येत नाही, कारण काढण्याचे पैसे कुणी देत नाही. तेव्हा सोसायट्यांच्या कमिट्यांना एक विनंती. यंदा मेमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढाल, तेव्हा केबलवाल्यालाही बोलवा आणि मेलेल्या वायरी त्याच्याकडूनच उतरवून घ्या. रस्त्यावर लोंबणारा झोळ आधी काढा. दुचाकीवाल्याच्या गळ्याच्या उंचीवर तो आलेला असतो. आणि आपल्या वॉचमनच्या हातात पक्कड देऊ नका. दहांतल्या नऊ वायरी मेलेल्या असतील, पण एक चालू असते, आणि ती बहुतेक तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची असते. त्यांची साडेसातची मालिका चुकली, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत दुसरा विषय निघणार नाही.